बोनेरला स्कुबा डायव्हिंगला जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि इकडच्या मराठी मंडळींत दिवाळी झाली की "यंदा थंडीत बोनेरला जाऊया का" हा विषय निघतोच. आता पुण्या-मुंबईहून आणि न्यू जर्सीहूनही तेच प्रश्न यायला लागलेत, प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं टाइप करून ठेवते. मी डाइव्ह शॉपवाली नाही, कुणाचं कमिशन नाही, त्यामुळे जे वाटतं ते सरळ लिहिलंय.

बोनेर नक्की कुठे आलं?

अरुबा, बोनेर, क्युरासाओ ही तीन शेजारी बेटं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून उत्तरेला. बोनेर साधारण ८० किलोमीटरवर. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, म्हणजे कारभार डचांचा, पण चलन युरो नाही, २०११ पासून तिथे अमेरिकन डॉलर चालतो. गाव म्हणावं असं क्रालेंडाइक, तीच राजधानी, आणि अख्ख्या बेटावर एक ट्रॅफिक सिग्नल नाही. लोक घरी पापियामेंटु बोलतात, पण इंग्रजी, डच, स्पॅनिश सगळं चालतं. दुकानात शिरताना "बोन दिया" म्हणा, निघताना "माशा दांकी", समोरचा लगेच खुलतो.

कॅरिबियनमध्ये एवढी बेटं पडलीत, मग बोनेरच का?

कारण इथे डायव्हिंगला बोट लागत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी सकाळी आठला बोट सुटणार, गाइड नेईल तिकडे जायचं, तो म्हणेल तेव्हा वर यायचं, आणि ग्रुपमध्ये एकाची हवा संपली की सगळ्यांची डाइव्ह संपली. बोनेरला तुम्ही पिकअप भाड्याने घेता, मागे सिलिंडर टाकता, रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात त्यावर साइटचं नाव लिहिलेलं असतं, गाडी लावायची, तयार व्हायचं आणि चालत पाण्यात. किनाऱ्यापासून थोडं पोहलं की रीफची, म्हणजे प्रवाळाच्या (कोरलच्या) खडकाची, कड येते, साधारण १० मीटरवर, आणि तिथून उतार खाली ३० मीटरच्याही पुढे जातो. सकाळी सहाला उतरा नाहीतर दुपारी झोप काढून चारला, विचारणारं कुणी नाही.

हे जमतं त्याला कारण आहे. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेचा किनारा खवळलेला आणि पश्चिमेचा शांत. सगळ्या नेहमीच्या साइट या पश्चिम बाजूला. शिवाय बेट कोरडं, पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, नदी नाही, म्हणजे गाळ येत नाही आणि पाणी नितळ राहतं. २०-३० मीटरपर्यंत दिसणं ही तिथे रोजची गोष्ट.

आणि तिसरं म्हणजे त्यांनी ते जपलंय. भाल्याने मासेमारी १९७१ मध्येच बंद केली, १९७९ मध्ये अख्ख्या किनाऱ्याभोवतीचा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत मरीन पार्क केला. कॅप्टन डॉन स्ट्युअर्ट नावाचा एक अमेरिकन १९६२ मध्ये शिडाच्या जहाजातून इथे येऊन पोचला आणि इथलाच झाला, बेटावर डायव्हिंगचा धंदा उभा करण्यात आणि बोटींनी नांगर टाकून कोरल तोडू नये म्हणून कायमचे मूरिंग (बोट बांधायचे तरंगते बोये) बसवण्यात त्याचा मोठा हात. २०१४ मध्ये गेला, पण जुन्या डायव्हर लोकांच्या तोंडी अजून त्याचंच नाव असतं.

म्हणजे खरंच आपले आपण उतरायचं? सोबत गाइड नाही?

खरंच. तुम्ही आणि तुमचा बडी (डायव्हिंगचा जोडीदार), बस. हवा असेल तर गाइड पैसे देऊन मिळतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एक-दोन डाइव्हसाठी जरूर घ्यावा असं माझं मत आहे. पण पद्धत आपली आपण डाइव्ह करायची.

आता इथेच लोकांची गल्लत होते. विचारणारं कुणी नाही हे ऐकायला मस्त वाटतं, पण याचा अर्थ तुमची हवा किती उरली हे बघणारंही कुणी नाही, तुम्ही २५ मीटरला जाऊन बसलात तर वर बोलवणारं कुणी नाही आणि संध्याकाळी तुम्ही परत आलात का हे मोजणारंही कुणी नाही. बोटीवर ही सगळी कामं दुसरं कुणीतरी करत असतं म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत. म्हणून बोनेरला जायच्या आधी कंपास, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) आणि स्वतःच्या हवेचा अंदाज या तीन गोष्टी स्वतःच्या पाहिजेत, बडीच्या भरवशावर नाही.

दिशा तशी सोपी आहे. पाण्यात शिरल्यावर आधी प्रवाह कुठला ते बघायचं, जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं म्हणजे येताना दमलेले असताना तोच आपल्याला आणतो. जाताना रीफ उजव्या खांद्याला असेल तर येताना डाव्या. सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बार असताना सुरुवात केलीत तर १२०-१३० ला वळा, परत येताना वर वर येत ५ मीटरला तीन मिनिटं थांबा, ५० बार हातात ठेवून बाहेर. आणि उतरताना किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण बघून ठेवा, पाण्यातून डोकं वर काढल्यावर सगळा किनारा एकसारखाच दिसतो आणि सगळ्या पिकअप पांढऱ्याच असतात.

मी मालवणला स्कुबा केलंय, तेवढं पुरतं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. नाही पुरत. मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, इथे दहा-पंधरा मिनिटं जे करतात ती ट्राय डाइव्ह असते. इन्स्ट्रक्टरने तुमचा सिलिंडर मागून धरलेला असतो, वर-खाली तोच करत असतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि फोटोला अंगठा दाखवायचा नाही एवढं लक्षात ठेवायचं, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". मजा येते, आवड आहे की नाही ते कळतं, पण सर्टिफिकेशन नाही.

बोनेरला स्वतः सिलिंडर भाड्याने घ्यायचा तर निदान ओपन वॉटर कार्ड लागतं, पॅडीचं असो, एसएसआयचं असो (या डायव्हिंग शिकवून कार्ड देणाऱ्या संस्था), काही फरक पडत नाही. त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. अॅडव्हान्स्ड केलं तर ३० मीटर. कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे तिथे होतो, अंदमानला हॅवलॉकमध्ये होतो, युरोपात राहत असाल तर स्विमिंग पूल आणि थंडगार तळ्यात होतो, हात गारठतात पण शिकणं पक्कं होतं. बोनेरला जाऊनही करता येतो, थिअरी घरी ऑनलाइन संपवून जा म्हणजे सुट्टीतले दिवस पुस्तकात जाणार नाहीत.

माझा सल्ला विचाराल तर कोर्स आधी करा आणि कार्ड मिळाल्यावर पाच-दहा डाइव्ह गाइडबरोबर कुठेतरी करून मग बोनेरला या. कोरं कार्ड घेऊन आलेले नवरा-बायको दोघं एकमेकांचे बडी असले की पहिले दोन दिवस पाण्याखाली भांडण आणि वर आल्यावर अबोला, हे दर सीझनला बघायला मिळतं.

पोहायला येत नाही, तरी चालेल?

ट्राय डाइव्हला चालतं. ओपन वॉटरला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. वेळेची अट नसते. आधी पोहायला शिका, बोनेर कुठे पळून जात नाही.

वय किती लागतं? बीपी, दमा, कानाचा त्रास असेल तर?

मुलांना १० वर्षांपासून ज्युनिअर कोर्स करता येतो. वरची मर्यादा नाही, साठीतली माणसं आरामात करतात. आधी एक मेडिकल फॉर्म भरायचा असतो, त्यात एखाद्या प्रश्नाला "हो" आलं की डॉक्टरची सही आणावी लागते. दमा, हृदयविकार, फुप्फुसाचं जुनं दुखणं, फिट्स, यात डॉक्टरला न विचारता "नाही"वर टिक करणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते अजिबात पटत नाही. पाण्याखाली दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, फॉर्ममध्ये काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

कानाचं म्हणाल तर नाक दाबून हळूच हवा कानात सोडायची ही सवय घरीच करा. खाली जाताना दुखायच्या आधी करायची, दुखायला लागल्यावर नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको, गोळी घेऊन तर नकोच, खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना कान आणि सायनस अडकतात.

व्हिसाचं काय? शेंगेनवर जाता येतं ना?

नेदरलँड्सचं बेट म्हणून सगळे तसंच धरून चालतात. पण डच राज्याचा कॅरिबियन भाग शेंगेनमध्ये येत नाही. भारतीय पासपोर्टवर कॅरिबियन व्हिसा वेगळा लागतो. नेदरलँड्सचा रहिवासी परवाना असेल तर तो लागत नाही, बाकीही काही परवाना आणि व्हिसावाल्यांना सूट असते, पण अटी बारीक आहेत आणि बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी डच सरकारच्या अधिकृत साइटवर आपलं प्रकरण कुठे बसतं ते बघा. आणखी एक, अमेरिकेमार्गे जात असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

पोचायचं कसं?

मुंबईहून अॅमस्टरडॅम साधारण नऊ तास, तिथून बोनेर साडेनऊ-दहा तास, कधी वाटेत अरुबाला उतरून. अमेरिकेतून मायामी, अटलांटा, ह्युस्टन अशा ठिकाणांहून थेट विमानं असतात, रोज नाही, त्यामुळे शनिवार-रविवार बघूनच आखणी करावी लागते. घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. भारतातून येणाऱ्यांनी पहिल्या दिवशी डाइव्ह ठरवूच नका, पोहा, खा, झोपा. विमानतळाचं नाव फ्लेमिंगो आणि इमारत पण तशीच गुलाबी.

कधी जावं? चक्रीवादळं येतात का?

बेट १२ अंश उत्तरेला, म्हणजे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या खाली. थेट फटका क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नाही, १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये लेनी नावाचं वादळ उलटं, पश्चिमेकडून आलं आणि २००८ मध्ये ओमर, दोन्ही वेळा पश्चिमेच्या शांत किनाऱ्यावरच लाटा आपटल्या आणि उथळ पाण्यातलं कोरल मोडलं. १००० स्टेप्स नावाच्या साइटला किनाऱ्यावर मेलेल्या कोरलचे तुकडे पडलेले दिसतात, त्यात असल्या लाटांनी फेकलेलं पुष्कळ आहे.

पाणी फेब्रुवारी-मार्चला २६ अंशांच्या आसपास, सप्टेंबर-ऑक्टोबरला २९. डिसेंबर ते एप्रिल सीझन, सगळं महाग आणि वाराही जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबरला वारा पडतो, गरम होतं, पण समुद्र तेलासारखा सपाट, मला स्वतःला तोच काळ आवडतो. ऑक्टोबरनंतर पावसाच्या सरी आणि डास, जानेवारीपर्यंत. मे-जूनमध्ये मुलांच्या सुट्टीत येणार असाल तरी काही बिघडत नाही.

खर्च किती येतो?

विमानाचं तिकीट हाच मोठा आकडा, त्याचं मी काय सांगणार. बेटावरचं सांगते. पर्यटकाला ७५ डॉलर एंट्री टॅक्स, तो आधी ऑनलाइन भरून क्यूआर कोड हातात ठेवा, विमानतळावर लाइनीत उभं राहून भरण्यात अर्धा तास जातो. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला, नुसतं पोहणारा असला तरी, मरीन पार्कची फी, ४० डॉलर. ही स्टिनापा म्हणून संस्था आहे ती घेते, पार्क तीच चालवते. मला हे पैसे देताना कधीच जिवावर येत नाही, गस्त आणि मूरिंग याच पैशातून होतं.

सिलिंडरचं आठवड्याचं पॅकेज घ्या, अनलिमिटेड. राहायला हॉटेलपेक्षा किचन असलेलं अपार्टमेंट, विशेषतः चार-सहा जण मिळून, कारण बेटावर फारसं काही पिकत नाही, जवळजवळ सगळं बाहेरून येतं आणि बाहेर जेवणं महाग पडतं. डायव्हिंगचं सामान भिजवायला आणि वाळवायला अंगण असलेलं घर बघा, ते नसेल तर ओले वेटसूट बाथरूममध्ये आणि आठवडाभर घराला वास.

गाडी कुठली घ्यावी?

पिकअप. दुसरं काही घेऊ नका. ओले सूट, सिलिंडर, वाळू, सगळं मागे जातं. बऱ्याचशा मॅन्युअल गिअरच्या असतात, आपल्याला सवय आहे म्हणून बरं, अमेरिकन लोक तिथे धडपडतात. गाडी उजव्या बाजूने चालवायची. इंटरनॅशनल परमिट काढून नेलेलं बरं. रात्री जपून, मोकाट गाढवं रस्त्यात उभी असतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत.

महत्त्वाचं म्हणजे डाइव्हला जाताना गाडीत काहीही ठेवायचं नाही. पाकीट, फोन, चांगला गॉगल, काही नाही. काचा खाली आणि दार उघडं ठेवून जायचं, ही तिथली रीत आहे, बंद असेल तर काच फोडून बघतात आणि काचेचे पैसे तुमच्याकडून जातात. पासपोर्ट घरी, किल्ली वॉटरप्रूफ डबीत बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) खिशात.

सिलिंडर रोज कुठून आणायचे?

डाइव्ह शॉपला ड्राइव्ह-थ्रू असतो, गाडी मागे घ्यायची, रिकामे काढायचे, भरलेले चढवायचे, चालते व्हायचं. नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स केला असेल तर तोच घ्या, बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात तिथे त्याचा खरा उपयोग. पण घेताना प्रत्येक सिलिंडर स्वतः अॅनालायझरवर तपासायचा, ऑक्सिजनची टक्केवारी आणि जास्तीत जास्त खोली टेपवर लिहायची, वहीत सही करायची. ३२ टक्क्यांवर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. मागे गर्दी असली, लोक घाई करत असले तरी हे सोडायचं नाही.

साइटवर गेल्यावर गाडीचा मागचा फाळका खाली पाडायचा आणि सिलिंडर त्याच्या काठावर उभा ठेवून तिथेच बसून बीसीडी अंगात घालायचा, कंबरेला त्रास होत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दोन श्वास रेग्युलेटरमधून (ज्यातून तोंडाने हवा घेतो ते) घेऊन गेजचा काटा हलतो का बघा, मगच उठा. पाण्याच्या कडेला धारदार खडक आणि शेवाळ, म्हणून जाड तळव्याचे बूट आणि पट्ट्याचे फिन पाहिजेतच, उघड्या पायांचे फिन घरी ठेवा. दोघांनी हात धरून, पाय घासत घासत कंबरेपर्यंत पाण्यात जायचं, मग फिन घालायचे. लाट येत असेल तर थांबायचं. तिथे होणाऱ्या बहुतेक जखमा डायव्हिंगच्या नसतात, या दहा पावलांतल्या असतात.

कुठल्या साइट चुकवू नयेत?

पहिली डाइव्ह ही ओरिएंटेशनची, ती शॉपच्या समोरच करावी लागते, नियम आहे. खाली राहायला कंबरेला शिशाचं वजन किती लागतं ते तिथेच ठरवून घ्या. त्यानंतर नावं सांगायची तर पुष्कळ आहेत, नकाशावर ८० च्या वर साइट आहेत. मी माझ्या आवडीच्याच सांगते.

बारी रीफ गावातच आहे, दिसायला साधी, पण ३०० हून जास्त जातींचे मासे तिथे नोंदवले गेलेत. नव्या माणसाने इथेच रेंगाळावं. हळू गेलात तर समुद्रघोडा किंवा फ्रॉगफिश दिसतो, पळत गेलात तर फक्त निळं पाणी दिसतं.

सॉल्ट पिअर हे दक्षिणेला. तिथे मोठी मिठागरं आहेत, पाणी गुलाबी आणि मागे मिठाचे पांढरे डोंगर, त्या मिठाची जहाजं भरायला बांधलेला धक्का. त्याच्या खांबांवर स्पंज आणि कोरल इतकं चढलंय की लोखंड दिसत नाही, खांबांमधून उन्हाचे पट्टे खाली येतात आणि त्यात माशांची झुंडच्या झुंड लटकलेली असते. जहाज लागलेलं असेल तर उतरायची परवानगी नाही, आधी शॉपला विचारून घ्या. तिथून पुढे दक्षिणेला गेलात की रस्त्याकडेला छोट्या छोट्या दगडी झोपड्या दिसतील, साधारण १८५० च्या सुमारास गुलाम मिठागर कामगारांसाठी बांधलेल्या. उभं राहता येत नाही इतक्या बुटक्या. इथल्या डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. फोटो काढून लगेच पुढची साइट गाठायची घाई करू नका, आत वाकून बघा जरा.

हिल्मा हूकर म्हणजे बुडालेलं जहाज, ७२ मीटर लांब. १९८४ मध्ये इंजिन बिघडलं म्हणून धक्क्याला आणलं, झडती घेतली तर खोट्या भिंतीमागे हजारो किलो गांजा. चौकशी चालू असताना ते नांगरून ठेवलेलं, पाणी आत येत गेलं आणि १२ सप्टेंबरला कलंडून बुडालं. आता उजव्या कुशीवर झोपलंय, तळ ३० मीटरला, वरची बाजू १८ च्या आसपास. म्हणजे नीट बघायचं तर अॅडव्हान्स्ड पाहिजे. खोल आहे म्हणून दिवसातली पहिली डाइव्ह हीच ठेवा. आत शिरायचं नाही.

१००० स्टेप्स उत्तरेला, पायऱ्या खऱ्या साठ-सत्तरच, पण सिलिंडर पाठीवर घेऊन वर चढताना हजार वाटतात. कासवं हमखास. एक लक्षात ठेवा, तिथून पुढच्या कार्पाटा या साइटपर्यंत रस्ता एकेरी आहे, पुढे गेलात की मागे वळता येत नाही, रिंकॉन गावातून वळसा घालून यावं लागतं. कार्पाटाची भिंतीसारखी उतरण त्या वळशाच्या लायकीची आहे.

टाउन पिअर, गावचा धक्का, फक्त परवानगी आणि गाइड घेऊनच. आणि पूर्वेचा किनारा अनुभवी गाइडशिवाय नकोच.

नाइट डाइव्हची भीती वाटते, करावी का?

करावी, आणि दिवसा पाहिलेल्या साइटवरच करावी. टार्पन नावाचे माणसाएवढे चंदेरी मासे तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करायला खांद्याजवळून सरकतात, पहिल्यांदा किंचाळी निघते, करत काही नाहीत. पौर्णिमेनंतर तीन ते पाच दिवसांत असाल तर सूर्यास्तानंतर पाऊण तासाने पाण्यात जाऊन टॉर्च बंद करा. ऑस्ट्राकॉड म्हणून तिळाएवढे जीव आहेत, त्यांचे नर मादीला बोलवायला उजेडाचे ठिपके सोडत वर चढतात, मोत्यांची माळ लोंबावी तसे ते ठिपके सगळीकडे लटकलेले दिसतात. तिकीट काढताना पंचांग बघून तारखा ठरवा असं मी सांगते ते एवढ्यासाठीच.

शार्क असतात का?

क्वचित, नर्स शार्क, तेही खडकाखाली झोपलेले. मोठे प्राणी बघायला बोनेरला येऊच नये. इथे कासवं, पाकट, वाम, माकूळ, शेवंड आणि रीफचे रंगीत मासे. चटका देणारं फायर कोरल आणि विषारी काट्यांचा लायनफिश, यांच्यापासून हात लांब ठेवा. लायनफिश मूळचा आपल्याकडचा, हिंदी-प्रशांत महासागरातला, बोनेरला पहिला २००९ मध्ये दिसला आणि इथल्या लहान माशांचा फडशा पाडत सुटला. त्याला मारायला प्रशिक्षित लोकांना खास भाला मिळतो, आणि हॉटेलात त्याची डिश मिळते, काटे काढले की चव पापलेटच्या जवळपास.

नियम कडक आहेत म्हणे?

आहेत आणि असायलाच पाहिजेत. हातमोजे बंद, कारण हातमोजे असले की माणूस धरायला लागतो. कशालाही हात नाही, शंख-कोरल उचलायचं नाही, किनाऱ्यावरचंही नाही. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून बंद. भारतातून ट्यूब आणणार असाल तर मागचं लेबल वाचा, नाहीतर सरळ लांब हातांचा रॅशगार्ड घाला.

कोरल मेलंय असं ऐकलं, आता जाण्यात अर्थ आहे का?

लपवण्यात अर्थ नाही. २०२३ च्या मार्चमध्ये कोरलचा एक जबरदस्त रोग बेटावर सापडला, ज्यात जिवंत थर काही आठवड्यांत गळून नुसता पांढरा सांगाडा राहतो. त्यात त्याच सुमारास पाणी तापून ब्लीचिंग झालं, म्हणजे कोरल पांढरं पडलं. मेंदूसारख्या दिसणाऱ्या कोरलचे गोळेच्या गोळे गेलेत, आधी पाहिलेल्याला वाईट वाटतं. तरी मासे भरपूर आहेत, स्पंज आहेत, काही जातींचं कोरल टिकलंय आणि रीफ रिन्यूअल नावाची संस्था पाण्याखाली नर्सरीत कोरलच्या फांद्या वाढवून परत लावते, कोर्स करून त्यात हातभारही लावता येतो. तुमच्याकडून एवढंच, दुसऱ्या बेटावर वापरलेलं सामान निर्जंतुक करून आणि पूर्ण सुकवून आणा.

शाकाहारी जेवण मिळतं?

बाहेर पिझ्झा-पास्ता-सॅलड. म्हणून किचन पाहिजे म्हटलं. डच सुपरमार्केट आहे तिथे भाज्या, दही, डाळी मिळतात, पण मसाला, पोहे, लोणचं घरून न्या. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं, बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. खाणाऱ्यांनी बकरीचा रस्सा, काब्रितु स्तोबा, मक्याच्या फुंचीबरोबर जरूर खावा. निवडुंगाचं सूपही मिळतं, बुळबुळीत असतं, भेंडी आवडत असेल तर जमेल.

घरात सगळे डायव्हिंग करत नाहीत, त्यांनी काय करायचं?

स्नॉर्केलिंग, क्लाइन बोनेर या निर्मनुष्य बेटावर वॉटर टॅक्सीने जाणं, लाक बेमध्ये विंडसर्फिंग किंवा खारफुटीत कयाक, गोतोमेर तळ्यावर फ्लेमिंगो, वॉशिंग्टन स्लाखबाय नॅशनल पार्क. खरं सांगू, तीन-चार दिवस छान जातात, त्यानंतर डायव्हिंग न करणारा माणूस कंटाळतो. शॉपिंग, नाइटलाइफ पाहिजे असेल तर अरुबाला जा.

काही झालं तर? इन्शुरन्स?

बेटावर हॉस्पिटल आहे आणि डीकंप्रेशनसाठी, म्हणजे खोलवरून वर आल्यावर होणाऱ्या त्रासासाठी, दाबाचं चेंबरही. पण त्याचं बिल मोठं असतं. नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कुबा बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते, पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) सारखं डायव्हिंगचं वेगळं इन्शुरन्स घेणं सगळ्यात सोपं. डाइव्हनंतर सांधे दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, विचित्र थकवा, यातलं काहीही वाटलं तर "उन्हाने झालं असेल" म्हणून झोपून जाऊ नका, शॉपला फोन करा, ऑक्सिजन घ्या.

शेवटच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह मारून संध्याकाळचं विमान पकडलं तर?

नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात दाब कमी होतो. सलग बरेच दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास, मी तर पूर्ण २४ धरते. तो दिवस फ्लेमिंगो, रिंकॉन आणि सामान धुण्यासाठी ठेवा. रेग्युलेटर आणि बीसीडी गोड्या पाण्यात नीट भिजवून, सकाळीच सावलीत वाळत घाला, ओल्या सामानाचं वजन दोन-तीन किलोने वाढतं आणि काउंटरवर तेच दोन-तीन किलो महागात पडतात.